अंगणातली ११८ एनई आणि रंगाचे सात हात

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इंदुरात लोकमान्य नगरच्या घरामागे, कडुनिंबाखाली, वडिलांची १९८९ सालची प्रीमियर ११८ एनई गाडी अकरा वर्षं उभी आहे. इंजिन या उन्हाळ्यात सुरू झालं. फिका निळा रंग टपावर खडूसारखा हाताला लागतो, डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर फोड आलेत, आणि दोन गॅरेजवाल्यांनी ‘भंगारात द्या, रंगाचे पैसेही निघणार नाहीत’ असं सांगितलं. तुम्ही विचारता की कॉम्प्रेसर आणून घरीच, स्वतःच्या हाताने रंग देता येईल का, कोणता रंग घ्यावा आणि किती दिवस लागतील.

देता येईल. मी इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका वाहन कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये २७ वर्षं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर राजेंद्र नगरच्या घरी माझी स्वतःची ११८ एनई रंगवली. तासांची वही ठेवली होती. एकूण १९० तास लागले. त्यातले प्रत्यक्ष रंग उडवण्याचे तास सहा. बाकी सगळे धुण्याचे, खरवडण्याचे, लांबी म्हणजे पुट्टी भरण्याचे आणि घासण्याचे. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी काम केलंत तर चार महिने धरा. ‘दिवाळीला गाडी बाहेर काढायची’ अशी तारीख मात्र ठरवू नका. तारीख ठरली की घासण्याचे तास कमी होतात, आणि ते कमी झालेले तास पुढे कायम दिसत राहतात.

गॅरेजवाले पैशाबद्दल खोटं बोलत नाहीत. या गाडीला बाजार नाही. पद्मिनीच्या मुंबईच्या टॅक्सीच्या आठवणी आहेत, कॉन्टेसाचा रुबाब होता. ११८ एनई १९८५ मध्ये आली तेव्हा मारुती ८०० येऊन दोनच वर्षं होत होती आणि लोकांची नजर तिकडे लागली होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने फियाट १२४ ची बॉडी घेतली, त्यात निसानचं ११७१ सीसीचं इंजिन बसवलं. ती १२४ युरोपात १९६७ ची ‘कार ऑफ द इयर’ होती, आणि रशियाची लाडासुद्धा तिच्यावरूनच निघाली. म्हणजे रेखाटन चांगलंच होतं, फक्त आपल्याकडे पोचेपर्यंत जवळजवळ वीस वर्षं जुनं झालं होतं. आपल्या इंदूरच्या यशवंतराव होळकरांची, गर्नी नटिंगने बॉडी बांधलेली ड्यूसेनबर्ग जगभरचे लोक ओळखतात. तिची देखभाल करायला माणसं रांगेत उभी राहतील. तुमच्या निळ्या गाडीला तुम्ही एकट्याच आहात, आणि माझ्या मते तिच्यावर घरी मेहनत घेण्याचं हेच सर्वांत चांगलं कारण आहे. विकायची नाही, त्यामुळे घाईही नाही.

आता रंग कोणता, कारण पुढची प्रत्येक गोष्ट त्यावर ठरते.

कारखान्यात काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे घरी काय होऊ शकत नाही ते कळेल. नुसता पत्रा असलेली बॉडी फॉस्फेटच्या टाकीत बुडते, मग विजेच्या मदतीने प्रायमर बसतो, आणि ती १६० अंशांच्या वरच्या भट्टीतून जाते. वरचा रंगही भट्टीतच भाजला जातो. त्या वेळी गाडीत रबर नसतं, वायर नसते, काच नसते. तयार गाडीला एवढी उष्णता देता येत नाही. म्हणून दुरुस्तीचे रंग वेगळे असतात, आणि तिथे तुमच्यासमोर मुख्यतः दोन वाटा आहेत. एक टू-के पीयू, म्हणजे दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग, त्यात कडक होण्यासाठी हार्डनर मिसळून वापरायचा. दुसरी एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, ज्याला आपले जुने पेंटर अजूनही ‘ड्यूको’ म्हणतात. ड्यूको हे १९२० च्या दशकात ड्यूपाँट कंपनीने काढलेल्या लॅकरचं नाव. त्याआधी गाडीच्या वार्निशला वाळायला आठवडे लागत.

आज कुठल्याही दुकानात तुम्हाला पीयू सुचवतील. चमक जास्त, टिकाऊपणा जास्त, पॉलिशची मेहनत नाही. सगळं खरं आहे. तरीही घरच्या अंगणात पीयू उडवू नका, असं मी ठामपणे सांगतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास नाकाला कळेपर्यंत हवेतलं प्रमाण धोक्याच्या पलीकडे गेलेलं असतं, म्हणून वासावर विसंबता येत नाही. एकदा शरीराला त्याचं वावडं जडलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दमा उसळतो. माझ्या ओळखीच्या एका पेंटरने १५ वर्षं तोंडाला रुमाल बांधून हेच काम केलं. आता रंगाच्या दुकानासमोरून जातानाही त्याची छाती भरते. आमच्याकडे कारखान्यात हे काम करणाऱ्याला बाहेरून नळीने ताजी हवा देणारा मुखवटा असे. ती सोय तुमच्याकडे नाही, आणि शेजारच्या घरात लहान मुलं आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

एनसीचेही दोष आहेत. मालव्याच्या उन्हात तो काही वर्षांत मंदावतो, वर्षातून एकदा पॉलिश मागतो, आणि पेट्रोल सांडलं तर डाग धरतो, म्हणून टाकीच्या झाकणाजवळ कायम कापड ठेवावं लागतं. पण नवशिक्यासाठी त्याच्याइतका क्षमाशील रंग दुसरा नाही. तो फक्त थिनर उडून वाळतो, त्यात रासायनिक क्रिया नसते. म्हणून प्रत्येक नवा हात खालच्या हातात थोडा विरघळून एकजीव होतो. ओघळ आला, माशी बसली, धूळ पडली, तरी तासाभराने ८०० नंबरचा घासायचा पेपर मारा आणि पुन्हा हात द्या. दहा मिनिटांत तो धूळ न धरण्याइतका वाळतो. उडालेला फवारा हवेतच वाळून पूड होऊन खाली पडतो, शेजाऱ्याच्या गाडीवर सहसा चिकटत नाही. पीयूचा किंवा सिंथेटिक इनॅमलचा फवारा चिकटतो, आणि मग त्या शेजाऱ्याशी संबंध बिघडतात.

एनसीत आयसोसायनेट नाही, पण थिनरची वाफ आहे, आणि ती हलकी नाही. वाफ शोषणाऱ्या गाळण्यांचा (ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा) मुखवटा घ्याच, कापडी मास्क चालणार नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि पायरी उतरून खोलीत शिरते. अंगणाला लागून देवघर असेल तर त्या दिवशी तिथला दिवा, उदबत्ती बंद. गॅसचा गीझर बंद, स्वयंपाकघराचं मागचं दार बंद. घरच्यांना आदल्या रात्री सांगून ठेवा. सकाळी ऐनवेळी सांगितलं की कोणीतरी चहा टाकतंच.

हवेचं गणित इंदुरात सोपं आहे. पावसाळ्यात एनसीला हातही लावू नका. थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पत्रा थंड होतो, त्यावर हवेतली वाफ बसते, आणि निळा रंग दुधट पांढरा पडतो. थिनर सावकाश उडावा म्हणून रिटार्डर घातलं तर थोडं निभावतं, पण जुलैतल्या हवेत तेही पुरत नाही. मेमध्ये उलटं होतं. चाळीस अंश आणि वारा असला की थेंब पत्र्यावर पोचण्याआधीच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. तुमच्या कामाचे दोन मोसम आहेत, दिवाळीनंतर डिसेंबरच्या मध्यापर्यंत आणि फेब्रुवारीपासून होळीच्या आधीपर्यंत. हिवाळ्यात पत्र्यावर दव असतं, म्हणून साडेदहाच्या आधी सुरुवात नको आणि तीननंतर नवा हात नको. आणि रंगपंचमीच्या आसपासचा आठवडा पूर्ण सोडा. राजवाड्याच्या गेरमधला, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीतला, गुलाल किती दूरवर जातो हे ओल्या फिक्या रंगावरच कळतं. मी माझ्या डाव्या मडगार्डावर ते पाहिलंय, गुलाबी कणांसकट. ते पॅनेल पुन्हा सरफेसरपासून, म्हणजे रंगाखालच्या घासायच्या थरापासून, केलं.

कामाला सुरुवात धुण्यापासून करा, आणि धुणं म्हणजे फक्त पाणी मारणं नाही. इतक्या वर्षांत या गाडीवर कोणी ना कोणी सिलिकॉनचं पॉलिश चोळलेलं असणार. ते आधी न काढता पेपर मारलात तर ते पेपरच्या रेघांत खोल बसतं, आणि तीन महिन्यांनी ओल्या रंगात बशीसारखे गोल खड्डे उमटतात. म्हणून आधी साबण-पाणी, मग वॅक्स काढायचं द्रावण, तेही दोन फडकी घेऊन. एका फडक्याने लावायचं, ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एकाच फडक्याने केलं तर तेल फक्त इकडून तिकडे फिरतं. त्यानंतरच घासायला हात घाला.

कडुनिंबाखालच्या गाडीत एक जागा आधी बघा. पुढच्या काचेच्या खाली, वायपरजवळच्या जाळीखाली पाल्याचा लगदा साचलेला असेल. तो हाताने काढा, पाणी ओता, आणि ते चाकामागून खाली येतं का पाहा. आलं नाही तर निचऱ्याचं भोक बुजलंय, तारेने मोकळं करा. दारांच्या खालच्या कडेलाही अशी भोकं असतात. ती बंद राहिली तर तुम्ही बाहेरून कितीही सुंदर रंग द्या, दार आतून सडत राहणार.

आता त्या चाकाच्या कमानीवरच्या फोडांकडे येऊ. रंगाखाली फोड आला म्हणजे गंज बहुतेक आतून बाहेर आलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा, लाजू नका. टोक आत गेलं तर तेवढा पत्रा कापून नवा लावायचा. ही एकच गोष्ट मी तुम्हाला बाहेर करून घ्यायला सांगेन. आपल्याकडे गॅसने जोडण्याची सवय आहे, पण त्या उष्णतेने पातळ पत्रा लाटेसारखा वाकतो आणि मग त्यावर बोटभर लांबी थापतात. मिग वेल्डिंग, म्हणजे विजेने तार वितळवून जोडणी, करणारा शोधा, आणि त्याला एका जागी सलग न ओढता लांब-लांब टिपके देत जोडायला सांगा. टोक आत गेलं नाही, गंज वरवरचाच निघाला, तर चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर लावा. छोट्या जागांना ब्रशने लावला तरी चालतो. हातमोजे घाला, त्याचा हार्डनर कातडीला त्रास देतो. उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका. हिवाळ्यातलं दवसुद्धा त्याला नारिंगी करतं.

सगळी गाडी लोखंडापर्यंत खरवडायची का? नाही. कारखान्याचा भाजलेला थर जिथे घट्ट आहे तिथे तोच तुमचा सर्वांत चांगला पाया आहे. पण मध्ये कधी एखादं दार किंवा बॉनेट दुसऱ्या कोणी रंगवलं होतं का ते तपासा. कापसाला एनसी थिनर लावून प्रत्येक पॅनेलवर, न दिसणाऱ्या कोपऱ्यात, अर्धा मिनिट धरून ठेवा. काहीच झालं नाही तर भाजलेला रंग किंवा टू-के आहे, काळजी नाही. रंग विरघळून कापसाला लागला तर जुना एनसी आहे, तोही चालेल. पण रंग सुरकुतला, कातडीसारखा वर उचलला गेला, तर ते सिंथेटिक इनॅमल आहे. त्यावर एनसी दिला की सगळं पॅनेल असंच उठणार. तेवढं पॅनेल मात्र लोखंडापर्यंत साफ करावं लागेल. एक लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून सगळ्या गाडीवर फिरवा. जिथे तो पकड सोडतो तिथे खाली जुनी लांबी आहे.

काढता येतं ते सगळं काढा: दिवे, बंपर, हँडल, जाळी, क्रोमच्या पट्ट्या, मागची अक्षरं. या गाडीचे भाग आता मिळत नाहीत, म्हणून प्रत्येक क्लिप वेगळ्या पाकिटात, वर चिठ्ठी. पुढच्या-मागच्या काचा काढायचा धीर होत नसेल तर काढू नका, जुनं रबर तुटलं तर नवं शोधण्यात वर्ष जाईल. त्याऐवजी रबराच्या ओठाखाली सगळीकडून जाड सुतळी सरकवा. ओठ वर उचलला जातो, रंग त्याच्याखाली दोन-तीन मिलिमीटर जातो, आणि सुतळी काढली की रबर रंगावर बसतं. नुसती टेप लावून रंगवलेल्या गाडीची कडा तिथेच उघडी पडते आणि पहिला पोपडाही तिथूनच सुटतो.

पोचे आणि लांबी. पॉलिएस्टर पुट्टी तीन मिलिमीटरपेक्षा जाड भरू नका. पोचा त्याहून खोल असेल तर आधी मागून हळूहळू ठोकून वर आणा. हार्डनरची लाल पेस्ट वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. लवकर वाळावं म्हणून जास्त घातली तर पुढे तिचा डाग रंगातून वर येतो. आणि ही पुट्टी पाण्याने घासू नका. ती स्पंजासारखं पाणी पिते, ते पाणी आत अडकतं, आणि पहिल्या उन्हाळ्यात तिथे फोड येतात. कोरडीच घासा, ८० ने आकार द्या, मग १८०, मग ३२०, तोंडाला मास्क बांधून.

११८ एनईच्या बाजू सपाट आहेत आणि त्यांवरून पुढून मागे सरळ कंगोरा जातो. गोलाईच्या गाडीत लहानसा उंचवटा लपतो, इथे लपत नाही. म्हणून पेपर कधीही नुसत्या बोटांनी धरू नका, बोटं खड्ड्यात शिरतात आणि तो अजून खोल करतात. हातभर लांब लाकडी पट्टीला पेपर लावा आणि तिरपे, एकमेकांना छेदणारे हात मारा. कंगोऱ्यावर मास्किंग टेप लावून आधी वरची बाजू घासा, मग टेप खालून लावून दुसरी. नाहीतर कंगोरा मेणबत्तीसारखा वितळल्यागत गोल होतो.

सपाट झालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कारण घासलेला पृष्ठभाग चमकत नाही. हाताला कळतं. जुन्या मऊ धोतराचा किंवा साडीचा तुकडा घ्या, तळहात आणि पत्रा यांच्या मध्ये ठेवा, डोळे मिटा, आणि दारावरून हात पूर्ण सपाट ठेवून मागेपुढे फिरवा. कापडामुळे कातडीचं अडखळणं जातं आणि फक्त आकार उरतो. उजव्या हाताने काम करत असाल तर डावा हात वापरा, त्याचं कातडं कमी राठ असतं. सुरुवातीला काही जाणवणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी अचानक कळेल की हँडलच्या खाली वीतभर अंतरावर पत्रा श्वास घेतल्यासारखा आत गेलाय. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना मी आठवडाभर दुसरं काही करू देत नसे.

मग एनसी सरफेसरचे तीन-चार हात. ते वाळले की त्यावर दुरून, अगदी विरळ, काळ्या रंगाची धूळ उडवा. आता ४०० चा पेपर पट्टीला लावून पाण्याने घासा, पण जिथे पुट्टी उघडी पडते तिथे लगेच थांबा. उंच जागेवरचा काळा आधी जातो. खड्ड्यातला शेवटपर्यंत राहतो. माझ्या गाडीच्या टपावर पहिल्यांदा हे केलं तेव्हा पुढच्या काचेच्या वर काळ्या ठिपक्यांचा एक पट्टा राहिला, चिमणीच्या पावलांसारखा. तिथे जुन्या कॅरिअरने टप दाबलेला होता आणि २० वर्षं तो कोणालाच दिसला नव्हता. अशा ठिकाणी एनसी पुट्टीचा पातळ हात, पुन्हा सरफेसर, पुन्हा काळी धूळ. काळं सगळीकडून एकदम जाईपर्यंत हे चालू ठेवायचं. टपाला माझ्या चार फेऱ्या झाल्या. हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा आहे आणि गाडी कशी दिसणार हे इथेच ठरतं. शेवटी ६०० ने घासून दोन दिवस उन्हात वाळू द्या.

निळ्या रंगाचा नमुना टपावरून घेऊ नका, तो उतरलेला आहे. पेट्रोलच्या झाकणाच्या आतला किंवा डिकीच्या बिजागरीजवळचा रंग खरा. ते झाकण काढून सियागंजच्या बाजारात घेऊन जा, मिश्रण करणाऱ्यासमोर ठेवा, आणि वाळलेला नमुना दुकानाबाहेर येऊन दुपारच्या उन्हात जुळवा. ट्यूबलाइटखाली जुळलेला निळा उन्हात हिरवट निघतो. पूर्ण रंग एकाच वेळी घ्या. चार लिटर पुरेल, थिनर मात्र धुण्यासकट १५ लिटर लागेल, आणि तो चांगल्या प्रतीचा घ्या. सगळे डबे घरी एका मोठ्या भांड्यात ओतून एकत्र करा. मी एकदा दोन डबे वेगवेगळ्या दिवशी आणले होते, एकाच दुकानातून, एकाच चिठ्ठीवर. बॉनेट आणि मडगार्ड यांच्यातला फरक संध्याकाळच्या उन्हात आजही दिसतो. मेटॅलिकच्या मोहात पडू नका, त्यातले चांदीचे कण प्रत्येक हाताबरोबर वेगळे बसतात आणि घरी ते सांभाळता येत नाहीत. तोच निळा ठेवलात तर आरटीओतही काही करावं लागत नाही. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. आणि १५ वर्षांपुढच्या गाडीचं नोंदणी नूतनीकरण झालंय का, हे रंगाला हात लावण्याआधी बघून घ्या.

कॉम्प्रेसर दोन एचपीचा, टाकी शंभर लिटरच्या पुढची, भाड्याने मिळाला तर उत्तम. लाइनमध्ये पाणी पकडणारा ट्रॅप हवाच. गन वर भांडं असलेली, रंगासाठी १.४ मिमीचं नोझल. रंग एक भाग, थिनर एक ते दीड भाग, गाळूनच ओता. साध्या गनला ४० पौंडांच्या आसपास दाब ठेवा. आधी पुठ्ठ्यावर मारून बघा, उभा लंबगोल एकसारखा आला पाहिजे. त्या दिवशी सकाळी लवकर अंगण झाडा आणि तासभर आधी हलका सडा घाला, डबकी नकोत.

गन पत्र्यापासून एक वीत, म्हणजे सहा-आठ इंच. मनगट वळवू नका, अख्खा हात पत्र्याला समांतर न्या. मनगट वळलं की मधे रंग जाड आणि कडांना पातळ बसतो. पॅनेलच्या आधी हवेतच फवारा सुरू करा आणि पॅनेल संपल्यावर बंद करा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. आधी टप, मग बॉनेट आणि डिकी, मग बाजू. पहिला हात विरळ, खालचा सरफेसर दिसला तरी चालेल. त्यानंतर दर १५ मिनिटांनी एक. मी सात हात देतो, कारण दोन-तीन हातांएवढा रंग पुढच्या घासण्यात जाणार असतो. चार झाले की थांबा, रात्र जाऊ द्या, सकाळी ८०० ने पाण्याने हलकं घासा, मग उरलेले तीन. शेवटच्या हातात थिनर थोडा वाढवा, रंग चांगला पसरतो. संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग आला तर घाबरू नका. गन लांब धरली गेली किंवा थिनर कमी पडला, एवढंच. पुढे ते घासून निघेल.

सातवा हात झाल्यावर गाडी तुम्हाला आवडणार नाही. एनसी गनमधून निघतो तसा मंद असतो, चमक त्याला हाताने द्यावी लागते. तीन आठवडे तिला पॉलिश करू नका. थिनर आतून बाहेर पडत असतो, रंग खाली बसत असतो, आणि आज सपाट केलेलं पुढच्या महिन्यात पुन्हा उमटतं. नंतर १००० चा पेपर रात्रभर पाण्यात भिजवा, पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, मऊ ठोकळ्याला लावून एकाच दिशेने घासा. मग १५००, मग २०००. कडांना आणि कंगोऱ्याला टेप लावून ठेवा, रंग तिथे सर्वांत पातळ असतो आणि एका घासात खालचा राखाडी दिसतो. मग रबिंग कंपाउंड, मऊ सुती कापड, हातभर जागा एका वेळी. अर्ध्या तासाने त्या हातभर जागेत कडुनिंबाची फांदी पानापानांसकट दिसायला लागते. तिथे थांबा, घरच्यांना बोलवा, दाखवा. उरलेल्या गाडीची मेहनत मग जड वाटत नाही. मेणाचं पॉलिश मात्र दोन-तीन महिन्यांनीच.

जोडणी करताना दारांच्या आत आणि त्या चाकाच्या कमानीच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे आतून गंज रोखणारं मेण, मारा, निचऱ्याची भोकं पुन्हा तपासा. आणि गाडी त्या कडुनिंबाखाली परत लावू नका. पक्ष्यांची विष्ठा एनसीवर एका उन्हात डाग पाडते.

उरलेल्या मिश्रणातला पाव लिटर रंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा, वर तारीख आणि थिनरचं प्रमाण लिहा, आणि माळ्यावर उन्हापासून दूर ठेवा. डिकीच्या डाव्या बिजागरीमागे तळहाताएवढा वडिलांच्या वेळचा जुना निळा तसाच राहू द्या, त्यावर रंग चढवू नका. पुढे कधी एखादं दार पुन्हा करायची वेळ आली तर बरणीतला रंगही तोवर बदललेला असेल, आणि जुळवायला तुम्हाला तोच तुकडा लागेल.